सायकलचे दुकान आणि लोखंडी नांगर



गुरुजींच्या स्मरणार्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी मला बोलावणे आले, तेव्हा मराठीचा निवृत्त प्राध्यापक संतवाङ्मयावर, किंवा फार तर सीमाभागातील मराठीच्या प्रश्नावर बोलेल, अशी कार्यवाहांची अपेक्षा असणार. लहान धंदा मोठा कसा होतो आणि त्यात धोरणाचा वाटा किती, हा विषय मी कळवला, तेव्हा त्यांनी दूरध्वनीवरून दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचा संशय रास्त होता. मी आयुष्यात एक पैशाचा व्यापार केलेला नाही. परंतु या विषयाचे ऋण गुरुजींचेच आहे.

गुरुजी आम्हांला इतिहास शिकवीत. नववीत असताना त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत ‘माझ्या गल्लीचा इतिहास’ लिहून आणायला सांगितले. माझ्या वडिलांचे या गावात सायकलचे दुकान होते. भाड्याच्या सायकली, पंक्चर, टायर-ट्यूब, ओव्हरहॉलिंग, एवढा त्याचा व्याप. ते दुकान वहीत लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, असे मला वाटले नाही. खरे सांगायचे तर मला त्याची लाज वाटे. म्हणून मी बेळगावच्या किल्ल्यावर आठ पाने लिहिली. गुरुजींनी वही परत देताना विचारले, “किल्ला पुस्तकात आहे रे. तुझ्या वडिलांचं दुकान कुठल्या पुस्तकात आहे?” मी निरुत्तर झालो. तो निबंध मी आज, साठ वर्षांच्या विलंबाने, सादर करीत आहे. त्यात माझ्या वडिलांचे दुकान शेवटी येईल. आधी याच गावातील दुसऱ्या एका सायकल-दुकानाविषयी बोलणे प्राप्त आहे, कारण ते पुस्तकांत आलेले आहे.

तत्पूर्वी ‘धोरण’ या शब्दाविषयी थोडे. भाषेचा शिक्षक असल्याने एवढी मोकळीक मी घेतो. अलीकडे वृत्तपत्रांतून ‘रणनीती’ हा शब्द हिंदीतून येऊन सर्वत्र बसला आहे. निवडणुकीची रणनीती, क्रिकेटची रणनीती, साबण विकण्याचीही रणनीती. मला तो शब्द व्यापाराच्या बाबतीत चुकीचा वाटतो. रणात समोर शत्रू असतो. दुकानाच्या फळीसमोर गिऱ्हाईक असते, आणि ते परत यावे अशी इच्छा असते. आपला जुना शब्द धोरण. त्यात लांबवर पाहणे आहे आणि पाहिल्यावर त्या दिशेने नेटाने चालत राहणेही आहे. गंमत अशी, की ‘धोरणी’ हे विशेषण आपण नाना फडणविसांना लावतो, मुत्सद्द्यांना लावतो; दुकानदाराला लावत नाही. दुकानदार आपल्या भाषेत ‘व्यवहारी’ असतो, रागावलो तर ‘धूर्त’ असतो. दुकानदारालाही धोरण असू शकते, हे आपल्या पांढरपेशा मराठीने फारसे मनावर घेतलेले नाही. मीही त्याच मराठीचा शिक्षक.

आता ते दुकान. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु काही रंग त्यांना नीट ओळखता येत नाहीत, असे तेथे लक्षात आले. चित्रकाराला याहून मोठा अपघात कोणता? त्यांनी रंग सोडले, रेषा ठेवली. यंत्रांची आरेखने शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. त्यांच्या आयुष्यातील ही पहिली सोडचिठ्ठी. पुढे अशा अनेक आल्या, आणि प्रत्येक वेळी सोडलेल्या गोष्टीतील कामाचा भाग त्यांनी बरोबर नेला, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

१८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाने सायकलचे दुकान निघाले. त्याच वर्षी आयर्लंडमध्ये डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले; म्हणजे सायकल ही वस्तूच तेव्हा किती नवी होती, हे ध्यानात यावे. लक्ष्मणराव मुंबईस नोकरीत. ते तेथून सायकली खरेदी करून पाठवीत आणि वडीलबंधू रामूअण्णा त्या बेळगावात विकीत. नुसत्या विकीत नसत, तर घेणाऱ्याला चालवायलाही शिकवीत. ज्याला सायकलवर बसता येत नाही, तो सायकल कशाला घेईल? आज हे बाळबोध वाटते, पण मालाबरोबर मालाचा उपयोगही विकावा लागतो, हे या दोघा भावांनी पहिल्याच धंद्यात ओळखले. ज्या रस्त्यावर ते दुकान होते, त्याला आज आपण किर्लोस्कर रोड म्हणतो. तुमच्यापैकी बहुतेकजण आठवड्यातून एकदा तरी त्या रस्त्याने जात असाल.

१८९७ साली संस्थेत लक्ष्मणरावांना डावलून बढती दुसऱ्यास मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावास आले. आता एका दुकानावर दोन भावांचे संसार. त्या काळी सायकल कोण घेणार? वकील, मामलेदार, एखादा डॉक्टर, छावणीतला साहेब. गावातील असे लोक बोटांवर मोजण्याइतके. ज्याने एकदा सायकल घेतली, तो दुसरी लवकर घेत नाही. दुकान तोट्यात नव्हते. ते चालत होते, आणि चालत असतानाच लक्ष्मणरावांची नजर दुकानाबाहेर गेली. ती आधी मालाकडे गेली नाही, गिऱ्हाइकाकडे गेली, असा माझा तर्क आहे. बेळगाव, धारवाड, सातारा या मुलखात वकील किती आणि शेतकरी किती, हा हिशेब करायला पाटी-पेन्सिल लागत नाही.

त्यांचे पहिले यंत्र कडबा कापण्याचे. ज्वारीचा कडबा सबंध टाकला, तर जनावरे पाने ओरबाडतात आणि बुडखे तुडवून वाया घालवतात. कुट्टी करून घातली, तर सगळा पोटात जातो. दुष्काळाच्या त्या दिवसांत वैरणीची एकेक पेंढी मोलाची होती. १८९६–९७ आणि १८९९–१९०० या दोन मोठ्या दुष्काळांनी दख्खनला पिळून काढले होते. कुट्टीचे यंत्र शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नव्हते. त्याची गरज त्याच्या गोठ्यात उभी होती.

नांगराचे तसे नव्हते. १९०३ साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला, आणि तो कोणी घेईना. पहिले नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. ही हकिकत सांगताना आपले लेखक बहुधा शेतकऱ्याच्या अडाणीपणावर एक हसून पुढे जातात. मला तसे जाववत नाही. लाकडी नांगर गावचा सुतार करीत असे, फाळ लोहार शेवटून देई, आणि दोघांचे बलुते खळ्यावर धान्यात चुकते होई. रोख पैशाचा प्रश्न नव्हता. लोखंडी नांगराला मात्र रोख रक्कम हवी. आणि ऐन नांगरटीत तो मोडला, तर शेतकऱ्याने कोणाकडे जायचे? सुताराला ओतीव लोखंड सांधता येत नाही. हंगाम हुकला, की वर्ष हुकले. माणूस आपली खरी भीती नेहमी खऱ्या शब्दांत सांगतोच असे नाही. ‘विष’ हा कदाचित त्या भीतीचाच शब्द असावा.

दुसऱ्या बाजूने पाहा. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा माजला, म्हणजे लाकडी नांगराला बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत आणि तरी मुळ्या वर येत नसत. लोखंडी नांगर माती उलटी पाडतो, मुळे उन्हात टाकतो. माल चांगला होता. विलायतेचे, रॅन्सम कंपनीचे नांगर बाजारात होतेच, आणि त्यांच्याकडे भांडवल, नाव, अनुभव सगळे होते. बेळगावच्या एका दुकानदाराजवळ त्यांच्यापुढे काय होते? माझ्या मते एकच गोष्ट होती, जवळीक. फाळ झिजतो, तो बदलावा लागतो. पट्टी मोडते, बोल्ट हरवतो. विलायती कंपनीला त्यासाठी बोटीची वाट पाहावी लागे; बेळगावच्या कारखानदाराला शेतकऱ्याची तक्रार त्याच आठवड्यात ऐकू येई आणि तिच्यावरचा इलाजही तेथेच करता येई. शेतकऱ्याच्या न बोललेल्या प्रश्नाला हे उत्तर होते. दोन वर्षे नांगर पडून असता लक्ष्मणरावांनी तो नाद सोडला नाही, याला चिकाटी म्हणण्याची पद्धत आहे. चिकाटी होतीच. पण ज्याच्याजवळ कडबा-यंत्रासारखा चालता माल नाही, त्याची चिकाटी दोन वर्षे टिकत नाही, सावकार ती टिकू देत नाही. चालत्या मालाने न चालणाऱ्या मालाला पोसायचे, आणि किती दिवस पोसायचे हे आपण ठरवायचे. लहान धंद्यातले अवघड धोरण ते हेच.

नांगराचा जम बसू लागला आणि बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा नव्या उपनगरासाठी मागितली. हा भाग सांगताना बेळगावकर म्हणून मला थोडे अवघडल्यासारखे होते. उपनगर व्हायला हवे होते, यात वाद नाही. कारखाना म्हणजे धूर, आवाज आणि भट्टी. त्याच्या शेजारी बंगले कोण बांधणार? कागदावर पाहता निर्णयात चूक काढता येत नाही. परंतु उपनगरे पुढे प्रत्येक गावाने बांधली, आणि तो कारखाना मात्र एकदाच गेला.

त्या सुमारास औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी देवीच्या देवळाच्या सभामंडपाचे काम लक्ष्मणरावांना दिले होते. अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात जागा देऊ केली, पैशाचे साह्यही केले. जागा होती कुंडलजवळचा ३२ एकरांचा माळ: निवडुंग, दगड आणि साप. सुपीक जमिनीच्या शोधात असलेल्या माणसाने ती पाहून परत फिरावे, अशी. पण पुणे–मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड हे स्थानक तेथे लागून होते. कारखान्याला कच्चे लोखंड आणि कोळसा आणायचा असतो, नांगर बाहेर पाठवायचे असतात. त्याला माती काळी असून उपयोग नाही, रूळ जवळ हवेत. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा स्थापनादिन. रामूअण्णांनी तेथे वसाहत उभी केली. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना रखवालदार म्हणून नेमण्याचे धाडसही त्या माळावर झाले. औंध संस्थानाचा हा आश्रय एकट्या किर्लोस्करांपुरता राहिला नाही. पुढे १९१६ साली ओगले बंधूंचा काचकारखाना त्याच संस्थानात उभा राहिला आणि ‘प्रभाकर’ कंदील घरोघर गेले. एक छोटा संस्थानिक करू शकला, ते एका मोठ्या शहराला जमले नाही.

पहिल्या महायुद्धाने विलायती नांगर थांबवले, तसे लोखंडही थांबवले. मागणी वाढलेली आणि कच्चा माल नाही. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवून नांगर करण्यासाठी दिल्या, ही हकिकत आपल्याकडे सर्वत्र सांगितली जाते. ती सांगताना वक्त्यांना तोफांचे नांगर झाले या कल्पनेचा मोह आवरत नाही. मलाही आवरला नाही, हे आपण पाहिलेच.

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्सची मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी ‘किर्लोस्कर खबर’ निघाले. येथे मी थोडा रेंगाळणार, कारण हा प्रांत माझा आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांच्याकडे जाहिरातीचे काम होते. कारखान्याचा माल, वाडीतील घडामोडी, शेतकऱ्याला उपयोगी माहिती गिऱ्हाइकांपर्यंत जावी, म्हणून हे लहानसे पत्र सुरू झाले. मूळ हेतू नांगर खपवण्याचा. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ निघाले, १९३४ साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मधून आले. विधवाविवाह, संततिनियमन, जातिभेद यांवर या मासिकांनी मराठी घरात वाद पेटवले. माझ्या पिढीतील मराठीच्या प्राध्यापकांनी या मासिकांवर प्रबंध लिहिले, परिसंवाद केले. ती एका नांगराच्या कारखान्याच्या जाहिरात-खात्यातून निघाली, हे आम्ही प्रस्तावनेत एका वाक्यात सांगून मोकळे होत असू. वास्तविक रामूअण्णा गिऱ्हाइकाला सायकलवर बसायला शिकवीत, आणि शंकररावांनी वाचकाला यंत्रयुगात बसायला शिकवले. बीज तेच आहे.

पुढचा विस्तार परिचित आहे, तो मी भरभर सांगतो. उसाचे चरक, पंप, १९४१ साली हरिहर येथे यंत्रे बनवणारी यंत्रे, १९४६ साली पुण्यास ऑइल एंजिने आणि बंगळुरास विद्युत मोटारी. लक्ष्मणराव १९५६ साली गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने तिकीट काढले.

एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. ही हकिकत आपल्याला मुख्यतः घरच्यांच्या लेखणीतून मिळते. शंकररावांचे ‘शंवाकीय’ आणि शंतनुरावांचे ‘कॅक्टस अँड रोझेस’ ही आत्मचरित्रे उत्तम आहेत; परंतु जो जिंकला, त्याच्या घरी बखर सरळ रेषेत लिहिली जाते. औंधचे राजेसाहेब नसते, युद्ध चार वर्षे चालले नसते, तर हेच धोरण आपण हेकटपणा म्हणून विसरलो असतो. त्या काळात असेच कष्ट करून बुडालेले कितीतरी असतील, त्यांची आत्मचरित्रे नाहीत. धोरणाने यश मिळतेच, असे मी म्हणणार नाही. दैव दारात आले, तेव्हा त्याला बसवायला लक्ष्मणरावांच्या घरात पाट होता, एवढेच म्हणेन. नांगर तयार होता, खपू लागला होता, म्हणून राजेसाहेबांना माळ देऊन काय मिळेल ते दिसू शकले.

बेळगावचेही काही संपले नाही. पुढे याच गावात ओतकामाचे कारखाने उभे राहिले, उद्यमबाग वसली. आज बेळगावच्या फौंड्रीतील ओतीव माल देशभर आणि देशाबाहेर जातो. त्यांतील अनेकांची सुरुवात एका भट्टीची किंवा एका लेथची आहे. या शाळेतील काही मुले त्या घरांतील आहेत, हे मला ठाऊक आहे.

आता माझा राहिलेला निबंध. माझ्या वडिलांचे दुकान चांगले चालत होते. सकाळी फळ्या निघायच्या आत मुले भाड्याच्या सायकलीसाठी दारात उभी असत. १९७३ च्या सुमारास वडिलांकडे मोपेडची एजन्सी चालून आली. मोपेड तेव्हा नवी होती, पण रस्त्यावर दिसू लागली होती. अनामत भरायची होती, एक कारागीर शिकायला पाठवायचा होता. वडिलांनी नकार दिला. मी कोल्हापूरहून सुट्टीला आलो होतो, आईने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “आपलं काय वाईट चाललंय?” ती एजन्सी दुसऱ्या कोणी घेतली. आमच्या भाड्याच्या सायकली एकेक करून भंगारात गेल्या आणि १९८६ साली दुकान बंद झाले. मी तेव्हा प्राध्यापक होतो, महिन्याला पगार येत होता. दुकान बंद झाल्याचे मला पत्राने कळले आणि त्याचे फारसे दुःखही झाले नाही.

“आपलं काय वाईट चाललंय?” हे वाक्य मी पुढे पुष्कळ वर्षे उदाहरणादाखल वापरले. लक्ष्मणराव सायकली चालत असताना पुढे पाहतात आणि माझे वडील सायकली चालत असतात म्हणून पुढे पाहत नाहीत, असा तो दृष्टांत. वर्गात तो चांगला रंगे.

चार वर्षांपूर्वी जुने घर आवरताना वडिलांच्या रोजकीर्दीच्या वह्या निघाल्या. १९७३ च्या वहीच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने केलेला एक हिशेब आहे. वरच्या ओळीत मोपेडच्या अनामतीची रक्कम, खाली कारागिराच्या प्रवासाचा खर्च, त्याखाली दुकानाची शिल्लक. मग एक आडवी रेघ, आणि रेघेखाली ‘कोल्हापूर’ असे लिहून दोन वर्षांची वसतिगृहाची फी, खानावळ, पुस्तके. बेरीज शिल्लकेहून जास्त होत होती. अनामतीच्या आकड्यावर त्यांनी काट मारली आहे.

मी एम. ए. ला होतो, त्याच वर्षीची ती वही.